कपाटात ठेवलेला तपासणीचा कागद

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): डॉक्टर, माझे यजमान ४४ वर्षांचे आहेत. चाकणच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतात. कंपनीतर्फे झालेल्या तपासणीत त्यांचा रक्तदाब १५२/९६ आणि उपाशीपोटी साखर ११२ आली. तो कागद त्यांनी कपाटात ठेवून दिला. ‘मला काही होत नाही, डॉक्टरकडे गेलं की ते काहीतरी काढतातच,’ असे ते म्हणतात. चुना-तंबाखू वीस वर्षांपासून आहे. रात्री खूप घोरतात. बाकी त्रास काही नाही. माझे सासरे ५१व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. माझे दीर म्हणतात की एकदाच सत्तर तपासण्यांचे पॅकेज आणि स्ट्रेस टेस्ट करून टाका. शेजारच्या बाईंनी व्यसन सोडवणारी, जेवणात मिसळायची पावडर सुचवली आहे. सासूबाई आणि दोन मुले धरून आम्ही पाच जण आहोत. मी नेमके काय करावे?

ताई, स. न.

तुमच्या पत्रातील शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण तेवढी तातडीने थांबवायला हवी. जेवणात मिसळायची ती पावडर आणू नका, आणली असेल तर वापरू नका. तिच्यात काय आहे हे पाकिटावरून कळत नाही. ज्या माणसाचा रक्तदाब आधीच वाढलेला दिसतो आहे, त्याच्या ताटात अज्ञात द्रव्य घालणे धोक्याचे आहे. शिवाय ज्याची संमती नाही त्याचे व्यसन असे सुटत नाही. उद्या त्यांना हा प्रकार कळला, तर तुमच्या हातचा घास आणि तुमचा शब्द या दोन्हींवरचा त्यांचा विश्वास उडेल, आणि पुढे जे करायचे आहे ते सगळे त्या विश्वासावरच उभे आहे.

आता त्या कागदाकडे वळू. कंपनीच्या तपासणीत माणसे रांगेत उभी असतात, कोणी नुकताच चहा घेतलेला असतो, कोणाच्या गालात तंबाखू असते, कोणी रात्रपाळी संपवून आलेला असतो. अशा वेळी एकदा घेतलेल्या आकड्यावरून उच्च रक्तदाबाचे निदान करू नये; पण १५२/९६ हा आकडा सोडून देण्यासारखाही नाही. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिला, तर तो उच्च रक्तदाब समजतात. घरी मोजणार असाल तर हीच मर्यादा १३५/८५ धरतात. दंडाला पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू आणि विडी वर्ज्य. लघवीला जाऊन यावे. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटे गप्प बसावे. दंड छातीच्या पातळीवर येईल असा हात टेबलावर ठेवावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, दोन्ही आकडे वहीत लिहावेत. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. यासाठी पहिल्या पाळीचा आठवडा निवडा. रात्रपाळीच्या आठवड्यात झोपेचे गणित बिघडलेले असते. ही वही घेऊन डॉक्टरकडे गेलात तर त्यांना निर्णय घेणे फार सोपे जाते. मात्र वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० पर्यंत गेलेला दिसला, तर सात दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

साखरेचे म्हणाल तर ११२ म्हणजे मधुमेह नव्हे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक आली, तर मधुमेह म्हणतात. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही चाचणी सोबत करून घ्यावी, ती ५.७ ते ६.४ च्या दरम्यान आली तर हीच अवस्था पक्की होते आणि ६.५ किंवा त्याहून अधिक आली तर मधुमेह धरतात. ही अवस्था कळणे ही मला चांगली बातमी वाटते, कारण इथून मागे फिरता येते. चेन्नई येथे अशाच मधुमेहपूर्व अवस्थेतील भारतीयांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार व व्यायाम सुधारणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले, आणि औषध घेणाऱ्या गटातही फायदा जवळपास तेवढाच होता.

यजमान अंगाने बारीक आहेत की जाड हे तुम्ही लिहिलेले नाही. बारीक असतील तरी निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते: उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडचा हडकुळा दिसणारा पुरुषही पोटात चरबी साठवून असतो, आणि हीच चरबी साखर व रक्तदाब वाढवते. म्हणून वजनकाट्याबरोबर टेप लावावी. पँटचा नंबर यासाठी कामाचा नाही, कारण पोट सुटलेले पुरुष पँट पोटाच्या खाली घालतात आणि वर्षानुवर्षे ‘माझी कंबर चौतीसच आहे’ असे सांगत राहतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजावे. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे, म्हणजे साडेपस्तीस इंचांपेक्षा किंचित कमी.

पॅकेजबद्दल तुमच्या दिरांचा हेतू चांगला आहे, पण माझे मत वेगळे आहे. प्रयोगशाळेची ‘सामान्य’ मर्यादा बहुधा अशी ठरवलेली असते की शंभरातील पाच निरोगी माणसेही तिच्या बाहेर पडतात. सत्तर आकडे काढले की धडधाकट माणसाच्या अहवालातही दोन-तीन ठिकाणी ठळक अक्षरे येतात, त्यांच्या मागे आणखी तपासण्या लागतात, आणि ‘डॉक्टर काहीतरी काढतातच’ हे तुमच्या यजमानांचे म्हणणे त्यांच्यापुरते खरे ठरते. या गर्दीत रक्तदाब आणि साखर हे दोन महत्त्वाचे आकडे हरवतात ते वेगळेच. पॅकेजमधले ट्यूमर मार्कर म्हणून जे असतात, ते त्रास नसलेल्या माणसात कर्करोग शोधण्यासाठी उपयोगाचे नाहीत. छातीत काही त्रास नसताना सरसकट स्ट्रेस टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला हृदयाचा आलेख, करण्याचीही शिफारस नाही. ती करायची की नाही, हे डॉक्टरांना त्यांची सगळी माहिती पाहून ठरवू द्या.

त्यांच्या बाबतीत मी पुढील गोष्टी करून घेईन. वर सांगितलेला रक्तदाब, कमरेचा घेर आणि साखर. रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर चरबी. रक्तदाब वाढलेला दिसतो म्हणून मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने, आणि हृदयासाठी एक ईसीजी. आणि तोंडाची तपासणी. डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा, ती म्हणजे सासऱ्यांचे वय. वडील किंवा भाऊ ५५ वर्षांच्या आत, किंवा आई अथवा बहीण ६५ वर्षांच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर त्या व्यक्तीचा धोका अधिक धरतात. त्यामुळे इतरांना चालेल असे कोलेस्टेरॉल त्यांना चालेलच असे नाही, आणि औषध लवकर सुरू करावे लागू शकते. प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा कर्करोग शोधणाऱ्या पीएसए रक्तचाचणीची या वयात गरज नाही. वडिलांना किंवा भावाला तो कर्करोग झालेला असेल तर पंचेचाळिशीच्या सुमारास, नाहीतर पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आणि शौचावाटे कधी रक्त गेलेच तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून परस्पर मेडिकलमधून मलम आणू नये. पुरुष ही गोष्ट घरात सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

तोंडाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण वीस वर्षांच्या तंबाखूचा हिशोब तिथे आधी दिसतो. चूळ भरून, आरशासमोर, मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी स्वतः पाहावे. बार नेहमी ज्या बाजूला ठेवतात तो ओठ आणि गाल बोटाने बाहेर ओढून आतले अस्तर नीट न्याहाळावे, जीभ वर करून तिच्याखाली आणि दोन्ही कडांना पाहावे. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, बोटाला लागणारी गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावे. तंबाखूबरोबर सुपारीही असेल तर आणखी एक खूण आहे: जेवताना तिखट झोंबू लागते आणि तोंड हळूहळू कमी उघडते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर वाट पाहू नये. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात हजारो लोकांचे तोंड प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी वेळोवेळी तपासले, आणि २००५ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने कमी झालेले दिसले. त्या तपासणीला ना सुई लागली, ना यंत्र. तुमच्या यजमानांसाठी सत्तर रक्तचाचण्यांपेक्षा ही मिनिटभराची पाहणी मला अधिक मोलाची वाटते.

तंबाखू सोडायचे त्यांनी मनावर घेतले, तर पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो हे दोघांनीही आधीच धरून चाला. चिडचिड होईल, झोप बिघडेल, बद्धकोष्ठ होईल. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. तलफ येते ती काही मिनिटांतच उतरते, तेवढी मिनिटे काढायची असतात. तिसऱ्या पाळीत पहाटे डोळे मिटू लागतात तेव्हाच बहुतेकांचा हात पुडीकडे जातो, म्हणून सोडण्याचा पहिला दिवस रात्रपाळीच्या आठवड्यात धरू नये. पुडी आणि चुन्याची डबी दोन्ही घरातून, दुचाकीच्या डिकीतून आणि कंपनीच्या लॉकरमधून एकाच दिवशी जायला हव्यात. निकोटिनचे च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. ते नेहमीच्या गमसारखे सारखे चघळायचे नसते, थोडे चावून चव आली की गालात धरून ठेवायचे आणि चव गेली की पुन्हा चावायचे, नाहीतर मळमळते. १८००-११२-३५६ या सरकारच्या विनामूल्य तंबाखूमुक्ती क्रमांकावर समुपदेशक बोलतात. फोन त्यांनी स्वतः करायला हवा. मध्ये एखादा बार भरला गेला तर ‘बघा, शेवटी खाल्लीच ना’ असे कृपया म्हणू नका; सुटलेल्या बहुतेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागलेला असतो.

घोरण्याचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, पण त्याची साक्षीदार फक्त तुम्हीच आहात. घोरता घोरता श्वास काही क्षण थांबतो आणि मग दचकल्यासारखा, गुदमरल्यासारखा परत सुरू होतो का, हे एक-दोन रात्री पाहा. तसे होत असेल, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर तो झोपेतील श्वासरोध असू शकतो, आणि तो रक्तदाब वाढवतो. पहाटे दुचाकीवरून घरी परतणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी.

स्वयंपाकघरात तुम्हाला एकच मोठा बदल सुचवते, तो मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात बाहेरच्या खाण्यातले मीठही आले. तुम्ही पाच जण आहात. दिवसाला २५ ग्रॅम धरले तर एक किलोची पिशवी निदान ४० दिवस पुरायला हवी, मुले लहान असल्यामुळे आणि फरसाण, पाव, वेफर्स यांतून वेगळे मीठ पोटात जात असल्यामुळे खरे तर त्याहूनही अधिक. पुढची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. सगळ्यांच्याच भाजीत थोडे थोडे कमी करत गेलात तर महिन्याभरात जिभेला सवय होते. एकट्या त्यांच्यासाठी अळणी वेगळे काढू नका, त्याने माणूस स्वतःला आजारी समजू लागतो. लोणचे, पापड आणि खारवलेल्या मिरच्या रोज एकाच ताटात नकोत. कॅन्टीनमधल्या गोड चहाचे कप त्यांनीच मोजावेत. चालणे आठवड्याला १५० मिनिटे, बोलताना किंचित धाप लागेल इतक्या वेगाने. कारखान्यात दिवसभर उभे राहिल्याने ते भरून निघत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, त्यांना न्यायचे कसे. त्यांच्या नकारात मला बेफिकिरी कमी आणि भीती अधिक दिसते. ज्याने वडिलांना ५१व्या वर्षी जाताना पाहिले, तो स्वतः ४४चा झाला की मनातल्या मनात वर्षे मोजत असतो, आणि कपाटातला कागद बाहेर काढला की ती मोजणी खरी होईल असे त्याला वाटते. शिवाय आपल्याकडे बाईचा रक्तदाब, साखर, वजन गरोदरपणात दर महिन्याला कोणीतरी मोजते. पुरुषाची मात्र शाळेतली लस संपली की दवाखान्याशी गाठ पडते ती एकदम आजार झाल्यावरच. तपासणीसाठी म्हणून, बरे असताना, आपण होऊन दवाखान्यात जाण्याची सवय त्यांना कोणी लावलेलीच नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये १८ वर्षांवरील पुरुषांच्या तपासणीसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ हे अभियान काढले ते मला म्हणूनच फार आवश्यक वाटले.

तेव्हा सासऱ्यांच्या मृत्यूचा धाक दाखवू नका, आणि सासूबाईंसमोर किंवा मुलांसमोर हा विषय काढू नका. सुट्टीच्या दिवशी, दोघेच असताना, साधे सांगा: ‘मला माझी तपासणी करायची आहे, तुम्ही बरोबर चला, दोघांचीही होऊन जाईल.’ यात खोटे काही नाही. तिशीनंतरच्या सर्व स्त्री-पुरुषांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी, तसेच स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात उपकेंद्रावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते, आणि ती तुमचीही व्हायला हवी. तुमच्या भागातल्या आशाताईंना दिवस विचारून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारही विनामूल्य आहेत, त्यामुळे पैशाचे कारण उरत नाही.

‘एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. त्यांना समजावून सांगा की गोळीमुळे रक्तदाब चिकटत नाही. तो आधीच असतो आणि गोळी त्याला आवरून धरते. वजन, मीठ आणि तंबाखू आटोक्यात आल्यावर काहींची मात्रा डॉक्टर कमी करतात, क्वचित गोळी थांबवतातही. बरे वाटते म्हणून आपल्या मनाने ती बंद करणे मात्र घातक आहे, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही.

त्यांनी तरीही नाही म्हटले, तर वाद न घालता निदान यंत्र घरी आणा आणि स्वतःचा रक्तदाब मोजायला लागा. टेबलावर यंत्र आणि वही राहू द्या. अनेक पुरुष कोणी बघत नसताना हात पुढे करतात, हे मी माझ्या रुग्णांच्या घरी पाहिले आहे.

इथपर्यंत लिहिलेले सगळे, त्यांना आज काही त्रास नाही हे धरून आहे. जिना चढताना किंवा भरभर चालताना छाती आवळल्यासारखी वाटून थांबल्यावर बरे वाटत असेल, तर वही भरत बसू नका, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप असे एकाएकी झाले, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू देऊ नका. १०८ वर फोन करा, ईसीजी होईल अशा जवळच्या रुग्णालयात न्या, आणि काहीही झाले तरी त्यांना स्वतः दुचाकी चालवत जाऊ देऊ नका.